ईस्टरची बालहस्तकला

ईस्टर या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या आठवड्यांत घरी, शाळेत किंवा चर्चच्या परिसरात लहान मुले मोठ्यांच्या मदतीने ज्या सोप्या वस्तू तयार करतात, त्यांचा अंतर्भाव या हस्तकलेत होतो. उकडलेली अंडी रंगविणे ही त्यांतील सर्वांत जुनी व सर्वांत प्रसृत कृती होय. तिच्या जोडीला अंड्यांसाठी घरटी व टोपल्या बनविणे, रिकाम्या कवचांनी झाडाची फांदी सजविणे, कवचात अळीव पेरणे, कागदाची पिले करणे, झावळीच्या पात्यांचे क्रूस बांधणे इ. कृतींची भर पडत गेली. यांसाठी लागणारे बहुतेक साहित्य स्वयंपाकघरात व अंगणात सापडते आणि कामाचा बराच भाग तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्वतःच्या हातांनी करता येतो, हे या हस्तकलेचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

काल व पार्श्वभूमी : येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी साजरा होतो. त्यामुळे पश्चिमी चर्चमध्ये तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान केव्हाही येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चे हे गणित जूलियन पंचांगावरून करीत असल्याने त्यांचा ईस्टर बहुधा नंतर पडतो. क्वचित दोन्ही दिवस एकच असतात, उदा., २० एप्रिल २०२५. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळण्याची प्रथा आहे. मध्ययुगीन यूरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. परंतु वसंतात दिवस मोठा होऊ लागला, की कोंबड्या अधिक अंडी घालतात. ती साठत जात व उपवास सुटण्याच्या दिवशी घरोघरी त्यांची रेलचेल असे. ती रंगवून मुलांना, नोकरचाकरांना व शेजाऱ्यांना वाटण्याच्या चालीमागे धार्मिक भावनेइतकेच हे व्यावहारिक कारणही होते. बंद कवच म्हणजे ख्रिस्ताची कबर आणि त्यातून बाहेर येणारे पिलू म्हणजे नवे जीवन, असा त्याचा प्रतीकार्थ ख्रिस्ती परंपरेत लावला जातो. पौर्वात्य चर्चमध्ये लाल रंग हा ख्रिस्ताच्या रक्ताचे द्योतक मानतात.

इतिहास : अंड्याच्या कवचावर नक्षी करण्याची कल्पना ईस्टरहून फार प्राचीन आहे. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथील शैलाश्रयात शहामृगाच्या अंड्यांचे रेषा कोरलेले तुकडे मिळाले असून ते सु. ६०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या नोंदींत ईस्टरनिमित्त ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्ची पडल्याचा उल्लेख आढळतो. ही अंडी रंगवून वा सोन्याच्या वर्खाने मढवून राजपरिवारात वाटण्यात आली. ईस्टरचा ससा अंडी आणतो, ही समजूत जर्मन भाषिक प्रदेशातील असून गेओर्ख फ्रांक फोन फ्रांकेनाऊ या वैद्याने १६८२ मध्ये तिची नोंद केली आहे. या सशासाठी मुले गवताची घरटी करून बागेत ठेवीत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांनी ही चाल पेनसिल्व्हेनियात नेली व तेथे टोपीचे वा बॉनेटचेही घरटे होऊ लागले.

ईस्टर हे नाव एका प्राचीन वसंतदेवतेवरून आले असावे, असे बीड या इंग्रज धर्मपंडिताच्या ७२५ मधील ग्रंथाच्या आधारे म्हटले जाते. तथापि त्याच्या लेखनात अंडी वा ससा यांचा उल्लेख नाही. या दोहोंचा संबंध त्या देवतेशी जोडण्याचा प्रयत्न बऱ्याच उत्तरकालीन आहे.

रंगीत अंडी उतारावरून घरंगळत सोडण्याचा खेळही जुना आहे. वॉशिंग्टन येथे मुले हा खेळ अमेरिकन संसदेच्या हिरवळीवर खेळत असत. हिरवळ खराब होते म्हणून संसदेने १८७६ मध्ये त्यास बंदी घातली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेझ यांनी १८७८ मध्ये आपल्या निवासस्थानाचे, म्हणजे व्हाइट हाउसचे, आवार मुलांना खुले केले. तेथील हा वार्षिक कार्यक्रम तेव्हापासून चालत आला आहे.

प्रादेशिक प्रकार : ग्रीसमध्ये पवित्र सप्ताहातील गुरुवारी अंडी लाल रंगवितात आणि ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडे आपटून खेळतात, ज्याचे अंडे शेवटपर्यंत फुटत नाही, त्याला ते वर्ष शुभ जाते, अशी समजूत आहे. पूर्व जर्मनीतील सॉर्ब लोक बदकाच्या वा हंसाच्या पिसाचे टोक कापून ते वितळलेल्या मेणात बुडवितात व त्याने अंड्यावर त्रिकोणांच्या व थेंबांच्या ओळी उमटवितात. पोलंड व चेकिया या देशांत रंगविलेल्या अंड्यावर टोकदार हत्याराने ओरखडून नक्षी काढण्याचा प्रकारही रूढ आहे.

यूक्रेनमधील अंड्यांचे दोन प्रकार मुलांनाही वेगळे ओळखता येतात. ‘क्राशांका’ हे उकडलेले, एका रंगात बुडविलेले व खाण्यासाठी असलेले अंडे होय. ‘पिसांका’ हे मात्र कच्चे, न खाण्याचे व जपून ठेवण्याचे अंडे असते. ‘लिहिणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द बनला आहे. अंड्यावर चित्र काढतात असे न म्हणता ते ‘लिहितात’ असे म्हणतात. लाकडी दांडीला बसविलेल्या धातूच्या बारीक नळीने अंड्यावर मेणाच्या रेषा ओढतात व अंडे पिवळ्या रंगात बुडवितात. जो भाग पिवळा ठेवावयाचा तो मेणाने झाकून पुढे नारिंगी, लाल व शेवटी काळा अशा क्रमाने ते बुडवीत जातात. अखेरीस ज्योतीजवळ धरून मेण पुसले, की सर्व रंग एकदम प्रकट होतात. तत्त्वतः ही बाटिकचीच पद्धत होय. जगात पिसांका लिहिल्या जात आहेत तोवर साखळदंडांनी जखडलेला दुष्ट सर्प सुटणार नाही, अशी तेथील लोककथा आहे. सोव्हिएट राजवटीत धार्मिक म्हणून या प्रथेची गळचेपी झाली. ती टिकली, ती खेड्यांतील घरांत आणि कॅनडा व अमेरिकेत गेलेल्या यूक्रेनियन कुटुंबांत. कॅनडातील व्हेग्रेव्हिल या गावी १९७० नंतरच्या दशकात उभारलेले पिसांकाचे प्रचंड धातुशिल्प हे त्या स्थलांतरितांच्या वारशाचे स्मारक आहे. यूक्रेनमधील कोलोमिया येथील अंड्याच्या आकाराचे पिसांका संग्रहालय २००० मध्ये उघडले. यूनेस्कोने २०२४ मध्ये या कलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आजी वा आई लिहिते आणि शेजारी बसून मूल पाहते व गिरविते, हाच तिच्या संक्रमणाचा मुख्य मार्ग राहिला आहे.

रंग धरण्याची क्रिया : अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचे असून त्यावर प्रथिनाचा अतिशय पातळ थर असतो. कवचात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घातले, की अम्लाची कवचावर विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइडाचे बुडबुडे निघतात व पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो. त्याचबरोबर प्रथिनाच्या थरावर धन विद्युत् भार येतो व खाद्य रंगांचे ऋण भारित रेणू त्याकडे ओढले जाऊन घट्ट बसतात. व्हिनेगर फार झाल्यास हा थरच सुटतो व रंग डागाळतो. कच्चे अंडे नुसत्या व्हिनेगरमध्ये एकदोन दिवस ठेवल्यास सारे कवच विरघळते व आतील पटलात भरलेले लिबलिबीत अंडे उरते. हा प्रयोग मुलांना स्वतंत्रपणे दाखविण्यासारखा आहे.

वनस्पतिज रंगांनी अंडी रंगविणे : अंडी थंड पाण्यात ठेवून पाण्याला उकळी आणतात, मंद आचेवर दहा ते बारा मिनिटे शिजवितात व लगेच थंड पाण्यात टाकतात. अधिक वेळ उकळल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे दिसते. ते लोह व गंधक यांच्या संयोगाने येते व निरुपद्रवी असते. रंगासाठी एक लिटर पाण्यात आठदहा कांद्यांची कोरडी साले अर्धा तास उकळून ते पाणी गाळून घेतात व त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालतात. त्यातून फिकट तपकिरीपासून विटकरी लाल रंगापर्यंतच्या छटा मिळतात. हळदीने पिवळा, चहाने तपकिरी व बीटाने मळकट गुलाबी रंग येतो. जांभळ्या कोबीचा काढा व्हिनेगर घालताच गुलाबी होतो. पण त्यात ठेवलेले अंडे मात्र निळे होऊन बाहेर येते. कोबीतील रंगद्रव्य अम्लात लाल व अल्कलीकडे झुकलेल्या माध्यमात निळे दिसते आणि कवचाच्या पृष्ठाशी कॅल्शियम कार्बोनेटामुळे अम्ल नाहीसे होते, हे त्याचे कारण होय. गुलाबी पाण्यातून निळे अंडे काढण्याचा आनंद मुलांना पुनःपुन्हा घ्यावासा वाटतो. पांढऱ्या कवचावर फिकट रंग चांगले उठतात. वाळल्यावर अंडी तेलाच्या बोटाने पुसली, तर त्यांना चकाकी येते.

पानांचे ठसे : कोथिंबीर, मेथी, नेचा यांसारखे लहान, कातरलेल्या कडांचे पान ओले करून अंड्यावर सपाट चिकटवितात. त्यावर जुन्या पायमोज्याचे विरळ कापड ताणून पाठीमागे दोऱ्याने घट्ट बांधतात व अंडे कांद्याच्या रंगात ठेवतात. पान काढल्यावर त्याची फिकट आकृती शिरांसह उमटलेली दिसते. पान निवडणे, चिकटविणे व शेवटी गाठ सोडणे ही कामे मुलांची. ताणून गाठ मारणे मोठ्यांचे.

मेणखडूचे अंडे : पिसांकाच्या पद्धतीचे हे बालसुलभ रूप आहे. उकडून निवलेल्या, परंतु अजून किंचित कोमट असलेल्या अंड्यावर मूल पांढऱ्या मेणखडूने रेघोट्या, ठिपके वा स्वतःचे नाव काढते. तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नाही. अंडे रंगात बुडविल्यावर मेणाखालील भाग पांढरा राहतो व लिहिलेले उघड होते. येथे ज्योतीची व वितळलेल्या मेणाची गरज नसते.

पोकळ अंडी व अंड्यांची फांदी : जर्मनीत फुटवे आलेल्या फांद्या पाण्याच्या भांड्यात ठेवून अथवा अंगणातील झाडालाच रंगीत पोकळ अंडी टांगतात. अंड्याच्या दोन्ही टोकांना सुईने भोके पाडणे, आतील बलक सुईने मोडणे व रबरी फुग्याच्या पिचकारीने हवा भरून ते बाहेर काढणे, हे काम मोठ्यांनीच करावे. कच्च्या अंड्यास मुलांनी तोंड लावू नये. कवच साबणाच्या पाण्याने आतून धुऊन वाळविल्यावर मुले त्यावर रंगीत कागदाचे कपटे खळीने चिकटवितात. आगकाडीच्या अर्ध्या तुकड्याला दोरा बांधून तो तुकडा भोकातून आत सोडला, की तो आडवा होतो व अंडे टांगता येते. फुटलेली कवचेही वाया जात नाहीत; रंगीत तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून त्यांचे चित्र तयार होते.

अळीवाची अंडी : अंडे वापरताना वरचा तिसरा हिस्सा काढून उरलेले कवच धुऊन घेतात व त्यावर डोळे, नाक व तोंड रंगवितात. आत ओला कापूस घालून अळीव वा मोहरी पेरली, की काही दिवसांत हिरवे ‘केस’ उगवतात. यूरोपातील बालवाड्यांत हा प्रकार लोकप्रिय आहे. रोज थोडे पाणी घालण्याची जबाबदारी मुलाकडे द्यावी. पाणी विसरले तर केस कोमेजतात. ही शिकवण कोणी तोंडाने द्यावी लागत नाही.

घरटे, टोपली व कागदकाम : पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यात कोरडे गवत, काथ्या किंवा कागदाच्या पट्ट्या पसरून घरटे होते. सु. २ सेंमी. रुंदीच्या जाड कागदी पट्ट्या एकीखालून व एकीवरून ओवून चटई विणली व तिच्या कडा वर दुमडल्या, की टोपली तयार होते. अगदी लहान मुलांसाठी पुठ्ठ्यातून कापलेला अंड्याचा मोठा आकार देतात. त्यावर ती फाडलेल्या कागदाचे कपटे चिकटवितात किंवा कापलेल्या बटाट्याचे ठसे उमटवितात. पिवळ्या कापसाचे गोळे, कागदी चोच व अर्धे कवच यांपासून अंड्यातून डोकावणारे पिलू बनते. अंडी न खाणाऱ्या कुटुंबांत व अंड्यांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी कागदाच्या लगद्याची, मातीची वा लाकडाची अंडी हा योग्य पर्याय होय.

झावळीचा क्रूस : ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार म्हणून पाळतात. महाराष्ट्रातील वसईसह कोकण किनाऱ्यावर व गोव्यात ख्रिस्ती समाजात या दिवशी आशीर्वादित झावळ्या घरी आणतात व त्यांच्या पात्यांचे क्रूस करतात. सोप्या प्रकारात एका लांब पात्यावर दुसरे आखूड पाते आडवे ठेवून जोडावर पातळ धांदोटी तिरपी गुंडाळतात व तिचे टोक मागे खोचतात. कोवळे, पिवळसर पाते वाकते, सुकलेले चिरते. जुने क्रूस परत घेऊन त्यांची राख पुढील वर्षी राखेच्या बुधवारी वापरण्याची कॅथलिक चर्चची प्रथा आहे. मुंबई व गोवा येथे ईस्टरला बदामाच्या वा काजूच्या पिठीची, साखरेत घोळलेली मार्झिपॅनची अंडीही करतात. साच्यात पिठी दाबणे व वर साखरेची फुले लावणे ही कामे मुले हौसेने करतात.

वयानुसार विभागणी : दोन-तीन वर्षांचे मूल फाडणे, चिकटविणे, बुडविणे व बाहेर काढणे या क्रियांत रमते. चार-पाच वर्षांचे मूल मेणखडूने आकृती काढू शकते, पाने निवडते व बोथट टोकाच्या कात्रीने सरळ रेषेत कापू लागते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना पट्ट्या विणणे, दोन रंगांचा क्रम ठरविणे व लहानांना मदत करणे जमते. गरम पाणी, सुई व चाकू मोठ्यांच्याच हाती असावीत. एका बैठकीचा अवधी वीस ते तीस मिनिटांहून अधिक नसावा.

दक्षता : खावयाच्या अंड्यांसाठी खाद्य रंग अथवा वनस्पतिज रंगच वापरावेत, कापडाचे वा रंगपंचमीचे रंग कटाक्षाने टाळावेत. कच्च्या अंड्यांत व कवचावर साल्मोनेला हे रोगकारक सूक्ष्मजंतू असू शकतात, म्हणून त्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. उकडलेली अंडी दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. उष्ण हवेत ही मर्यादा आणखी कमी धरावी. प्रशीतकात ठेवलेली अंडी आठवड्याच्या आत संपवावीत. तडकलेली, तसेच सजावटीसाठी वा लपविण्याच्या खेळासाठी बराच वेळ बाहेर राहिलेली अंडी खाऊ नयेत. तीन वर्षांखालील मुलांजवळ मणी, टिकल्या, बटणे यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू नसाव्यात. प्लॅस्टिकची चमकी पाण्यातून पर्यावरणात पसरते. तिच्या सुट्या स्वरूपातील विक्रीवर यूरोपीय संघाने २०२३ पासून निर्बंध घातले आहेत.

शैक्षणिक महत्त्व : लहान मुलांच्या हस्तकामाला शिक्षणाचा पाया मानण्याचा विचार फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने पद्धतशीरपणे मांडला. त्याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ख येथे सुरू केलेल्या संस्थेतून बालोद्यान पद्धती विकसित झाली. कागद दुमडणे, कापणे, विणणे व मातीकाम हे त्याच्या पद्धतीचे अंगभूत भाग होते. भारतात महात्मा गांधींनी १९३७ मधील वर्धा परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यात परिसरातील साध्या वस्तूंना शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. ईस्टरच्या हस्तकृती या विचाराला सहज जुळतात. अंडे फार आवळले तर फुटते, सैल धरले तर निसटते. म्हणून बोटांची पकड व जोर यांचे नियंत्रण त्यातून आपोआप साधते. रंगांचा क्रम, वाट पाहणे आणि मोडल्यावर पुन्हा आरंभ करणे यांचाही अनुभव मिळतो.

वस्तू सुबक व्हावी म्हणून मोठ्यांनी ती हाती घेऊन पुरी करणे, हा या कामातील सर्वांत सामान्य दोष होय. अशा वस्तूत मुलाचे स्वतःचे काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार रंगाच्या पुड्या व वड्या विक्रीस आल्या. प्लॅस्टिकची व चॉकोलेटची अंडीही बाजारात आली. यांमुळे सोय झाली, परंतु तयार वस्तूच्या बाबतीत मुलाचा सहभाग ती उघडण्यापुरताच उरतो. डागाळलेले, वाकड्या रेघांचे, पण मुलाने स्वतः रंगविलेले अंडे हे दुकानातील निर्दोष अंड्याहून शिक्षणदृष्ट्या श्रेष्ठ ठरते. जी हस्तकला मोठ्यांच्या शेजारी बसून शिकली जाते, ती एका पिढीने सोडल्यास पुढच्या पिढीला ती शिकविणारे घरात कोणी राहत नाही. यामुळेच संग्रहालयांतील जतनाइतकेच घरातील व बालवाडीतील दरसालच्या पुनरावृत्तीलाही महत्त्व आहे.